इनस्क्रिप्ट कीबोर्ड : दिवाळीपासून रोज वापरल्यावर

गेल्या दिवाळीपासून लॅपटॉपवर मी मराठी फक्त इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डने, टाइप करते. त्याआधी कित्येक वर्षं इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि खाली उघडणाऱ्या यादीतून मराठी शब्द उचलायचा, अशी सवय होती. माझं काम भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर मराठीच. शिवाय मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं माझ्याकडेच असतात. आता जुन्या पद्धतीकडे परत जायचं मनातही येत नाही.

रचना आधी सांगते, कारण खरी करामत तिथे आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली हा लेआउट, म्हणजे बटणांची ही मांडणी, प्रमाण म्हणून ठरवला आणि पुढे १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो आला. स्वर, काना-मात्रा आणि वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क दाबला की क, शिफ्ट धरून दाबला की ख. तसंच ग-घ, त-थ, प-फ. मुळाक्षरं पाठ असलेल्याला एवढ्यातच बरीच बटणं सापडतात. शब्द ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने टाइप करायचा. ‘अर्ध’ लिहायला अ, र, पाय मोडायचं बटण, मग ध. रफार आपला आपण धच्या डोक्यावर जाऊन बसतो. टाइपरायटरवर ३० नि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेल्यांना मात्र सुरुवातीला हे जड जातं. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते, इथे नंतर.

म आणि न मात्र डावीकडे, खालच्या ओळीत आहेत. त्यामुळे ‘नाम’ अख्खा डाव्या हातानेच लिहावा लागतो. शिफ्ट धरून म दाबला की ण येतो, हे तर पाठच करावं लागतं. पहिला महिना हळू जातो. हातात घाईचं काम असताना सुरू करू नका. बटणांवर स्टिकर लावण्यापेक्षा लेआउटचं चित्र छापून स्क्रीनशेजारी लावलेलं बरं, बोटं लवकर तयार होतात.

वेगाचं म्हणाल तर ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द रोमनमध्ये १३ अक्षरांत होतो, इनस्क्रिप्टमध्ये १५ बटणं दाबावी लागतात, वर थसाठी शिफ्ट. तरीही मला इनस्क्रिप्टच वेगवान वाटतं, कारण प्रत्येक शब्दानंतर यादीकडे बघायला थांबावं लागत नाही. नजर मजकुरावर राहते, वाक्य तुटत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. यादीतून निवडताना शुद्धलेखनाचा निर्णय यंत्र आधी घेतं आणि आपण त्याला मान डोलावतो. ‘कि’ की ‘की’, ‘दर्या’ की ‘दऱ्या’, हे वर कुठला पर्याय आलाय त्यावर ठरायला लागतं. एका प्रवासवर्णनाचं प्रूफ तपासताना ‘सह्याद्रीच्या दर्या’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. लिहिणाऱ्याला फरक माहीत नसेल असं मला वाटत नाही. यादीने जे पुढे केलं ते त्याने घेतलं. इनस्क्रिप्टवर ऱसाठी शिफ्ट धरून र दाबावा लागतो. तो आपोआप येत नाही, त्यामुळे चुकूनही येत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, दुसऱ्या लिहिताना ते बटण जाणूनबुजून दाबलं जातं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. दोन वेलांट्यांची दोन बटणं आहेत, त्यामुळे दर वेळी विचार करावाच लागतो. माझ्या स्वतःच्या मजकुरातल्या वेलांट्यांच्या दुरुस्त्या या काही महिन्यांत स्पष्ट कमी झाल्या आहेत.

एक अनपेक्षित फायदाही झाला. सोसायटीच्या नोटिसा गुजरातीतही लावाव्या लागतात. लिपी बदलली तरी क, त, काना, वेलांटी त्याच जागी राहतात, त्यामुळे गुजराती टायपिंग वेगळं शिकावं लागलं नाही.

तक्रारी आहेत. सगळ्यात मोठी ॲची. माझ्या लॅपटॉपवर शिफ्ट धरून ऍ येतो, जो मराठीत आपण लिहीत नाही. मग अ लिहून त्यावर चंद्र चढवायचा. दिसायला तो हुबेहूब ॲ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हं आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ॲला स्वतःची जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. परिणाम असा की इतिवृत्तात ‘ॲडव्हान्स’ खऱ्या ॲने शोधला तर समोर दिसत असूनही सापडत नाही. मी आता खरा ॲ एका वेगळ्या शॉर्टकटवर बसवून घेतला आहे. दुसरी तक्रार शिफ्टची : भ, ध, ण, ळ, श सगळे तिथे, संध्याकाळी करंगळी दुखते.

फोनवर मी हे वापरत नाही. तेवढ्या छोट्या बटणांवर अंगठ्याने हा लेआउट सोयीचा नाही, तिथे बोलून लिहिणं बरं. दिवसातून चार ओळींचा निरोपच मराठीत लिहिणार असाल तर एवढा खटाटोप करू नका. पण मराठी लिहिणं हाच ज्यांचा कामधंदा आहे, शिक्षक, पत्रकार, अनुवादक, ग्रामपंचायतीतले कर्मचारी, त्यांनी महिनाभर तरी वापरून बघावं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडताना फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून लिहायचा पर्याय, न निवडता इनस्क्रिप्ट निवडायचं.