शाळेचा डबा की आर्टिस्ट कांड्या?

"मावशी, शाळेतल्याच ऑइल पेस्टलवर भागवू की महागाच्या कांड्या घेऊ?" भाचीचा प्रश्न. दोन्ही एकाच कागदावर घासून पाहिल्या.

शाळकरी कांडीत मेण जास्त, रंगद्रव्य कमी. कडक असल्याने टोक टिकतं, बारीक रेघ येते. पण निळ्यावर पिवळा चढवायला गेलं की तो घसरतो आणि मळकट हिरवा उरतो. महागाची, म्हणजे सेनेलिए या फ्रेंच कंपनीची आर्टिस्ट कांडी लिपस्टिकसारखी मऊ (१९४९ साली ती पिकासोसाठी म्हणून बनली). गडद निळ्यावरही पिवळा ठिपका झळकतो. मात्र मे महिन्यात ती बोटांतच मऊ पडते, आणि झिजते किती! एका कांडीच्या पैशात शाळकरी अख्खा डबा येतो.

उजेडात टिकण्याचं म्हणाल, तर शाळकरी गुलाबी-जांभळ्यांवर माझा भरवसा नाही. खिडकीशेजारी लावलेलं माझं बोगनवेलीचं चित्र वर्षात फिकं पडलं. पुरते सुकत मात्र दोन्ही नाहीत, फ्रेमला काच हवीच.

सरावाला, स्केचबुकाला शाळकरी डबा पुरे. चित्र विकायचं किंवा भिंतीवर लावायचं असेल तर आर्टिस्ट कांड्या, त्याही सुट्या: आधी पांढरी, मग दोन-चार लाडके रंग. भाचीने तूर्तास पांढरीच घेतलीय.