रोमन नाण्यांच्या नादात १,०२,३५० रुपये घालवले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे "किती गेले हो?" असं कुणी विचारायला नको. रोमन सम्राट टायबेरियसचा डिनॅरियस, म्हणजे चांदीचं नाणं, ३८,५००, त्याच्या 'सर्टिफिकेट'चे १,५००, कुरिअर ३५०, आणि ऑगस्टस सम्राटाचे दोन डिनॅरियस प्रत्येकी ३१,००० प्रमाणे ६२,०००. घरी अजून निम्माच आकडा माहीत आहे.

बँकेत एकतीस वर्षं मी कॅशवर काढली. खोटी नोट डोळ्यांआधी बोटांना कळायची. त्यामुळे "म्हातारा लोभाला बळी पडला" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. स्वस्त मिळतंय म्हणून मी घेतलेलं नाही. भाव बाजारातलाच होता आणि मी अभ्यास करून घेतलं. दुखतंय ते हेच.

मला नकली नाणी विकणाऱ्या त्या ठगाची पद्धत तुम्हाला नवी नसेल. आधी कॉन्स्टंटाइनचं एक बारकं तांब्याचं नाणं १,८०० ला दिलं, ते अस्सल निघालं. (अजून आहे माझ्याकडे. सगळ्यात महाग पडलं ते हेच.) मग 'करूरच्या नदीपात्रातला माल' म्हणून टायबेरियस. तमिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या पात्रात रोमन नाणी सापडतात हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं.

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'ऑक्रे' या रोमन नाण्यांच्या डेटाबेसवर रात्री दोनपर्यंत बसलो. सम्राट निवडला, धातू निवडला, मग कडेची अक्षरं एकेक करून टाकली, 'यू'च्या जागी 'व्ही'. मागच्या बाजूला बसलेली बाई, हातात राजदंड आणि डहाळी. मिळालं! टांकसाळ लुग्दुनम, म्हणजे आजचं ल्याँ. तेवढ्यावर थांबलो नाही. लिलावांच्या जुन्या नोंदी चाळत गेलो आणि एक फोटो बघून बायकोला झोपेतून उठवलं. काठाबाहेर अर्धं गेलेलं अक्षर तेच, घड्याळात सात असतात त्या जागी काठाला गेलेली चीर तीच. "बघ, हुबेहूब!"

अहो, हुबेहूब कसं असेल? रोमन नाणं हातोड्याने ठोकलेलं. ठसा एकच असला तरी चकती दर वेळी वेगळी, ठोका वेगळा, चीर वेगळी. चीरसुद्धा जुळली म्हणजे त्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेलं हे पिल्लू. बरं, तेच नाणं म्हणावं, तर ते युरोपात लिलावात विकलेलं. करूरच्या वाळूत कसं येईल? दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर एक गिरवलेली असते, हे मीच बँकेत नव्या पोरांना शिकवलंय. डेटाबेस एवढंच सांगतो की अशी नाणी पाडली जायची. तुमच्या हातातलं पाडलंय की ओतलंय, ते त्याला काय माहीत? आणि नकली करणाराही तोच डेटाबेस उघडून बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे वजन केलं. ३.१२ ग्रॅम. सर्टिफिकेटवर ३.७८. लिलावाच्या नोंदीतही ३.७८! मी काय म्हणालो? दोन हजार वर्षांची झीज. झीज, आणि डोक्यावरच्या माळेचं पान न् पान मोजता येत होतं. टंच ९२.४ आला तेव्हाही खूश, चांदी तरी खरी. त्या काळचा डिनॅरियस ९७-९८ टक्क्यांचा असतो, ९२.५ ही आजच्या दागिन्यांची स्टर्लिंग. वजन पैसे देण्याआधी करा, नंतर नाही.

नाशिकला राहतो मी. त्र्यंबक रोडवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. देवदर्शनाला जाताना कितीदा तिच्यावरून गेलोय. एकदा उतरलो असतो तर!

बिंग फुटलं ऑगस्टसच्या जोडीमुळे. भारतात सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव असतो. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या नाण्यांपैकी तर बहुतेकांवर आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत घाव दिसला आणि मी भाळलो. फोटो एकाचाच होता. "दुसरंही असंच आहे, काका." असंच होतं खरं. पाकीट फोडून शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्ही घाव कानाच्या पाळीपासून निघून हनुवटीखाली संपत होते.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तो शेवटचे पैसे गेल्यावर एकोणीस दिवसांनी. तुम्ही त्याच तासात करा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "कॉइन म्हणजे बिटकॉइन का?" नाणी टेबलावर ठेवली, तर दुसऱ्या साहेबांनी १८७८ चा गुप्तधनाचा कायदा काढला. दहा रुपयांवरचं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं, तुम्ही असला माल घेतलाच कसा? म्हटलं, साहेब, हे खोटं आहे. "मग तसं लेखी आणा." लेखी आणायला पुरातत्त्वाच्या कार्यालयात गेलो. तिथे खासगी माणसाला दाखला देत नाहीत, आणि खोटं असेल तर ती पुरावस्तूच नव्हे, म्हणजे त्यांचा विषय नाही. खरं असेल तर मी गुन्हेगार, खोटं असेल तर कुणाचाच संबंध नाही! अशा चार खेपा, रिक्षाचे ६४० वेगळेच. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. माझीच बँक.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला ऑगस्टस होता, 'एकच नग, ३४,०००'. फोटो मोठा करून पाहिला. घाव कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत.