परीक्षण : 2021च्या यूटा जॅझचा बचाव

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या नियमित हंगामात हा बचाव अव्वल दर्जाचा. 72 पैकी 52 विजय, लीगमध्ये पहिला क्रमांक आणि मध्यभागी रुडी गोबेअर, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. पद्धत ‘ड्रॉप’ची : स्क्रीन लागला (प्रतिस्पर्ध्याने वाटेत उभं राहून बचावपटूला अडवलं) की गार्डने, म्हणजे बाहेरच्या फळीतल्या खेळाडूने, चेंडूवाल्याच्या पाठीवर राहायचं, गोबेअरने मागे सरून रिंग राखायची. रोज नवा प्रतिस्पर्धी असला की हे चालतं, कारण एका सामन्यापुरता कुणी वेगळा डाव बसवत नाही.

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, तोच संघ सात सामन्यांपर्यंत समोर असतो. प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस क्लिपर्स पहिले दोन सामने हरले, मग त्यांनी उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) बाकावर बसवून पाचही नेमबाज उतरवले. गोबेअरच्या वाट्याला आला टेरन्स मान, तोही कोपऱ्यात, रिंगपासून 22 फुटांवर. सहाव्या सामन्यातली मांडणी नीट पाहा : क्लिपर्सचा रेजी जॅक्सन समोरच्या जॅझ गार्डला चकवून आत शिरतो, गोबेअर दोन पावलं मदतीला येतो, चेंडू कोपऱ्यात, मान मोकळा. पुन्हा तेच, आणि पुन्हा. मानचे 39 गुण, सात थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट). जॅझची 25 गुणांची आघाडी गेली, 131-119ने सामना गेला, मालिकाही 4-2ने.

दोष गोबेअरच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही. गळती बाहेरच्या फळीत होती. गार्ड पहिल्याच ड्रिबलला मागे पडत होते. दुसरी त्रुटी राखीव फळीत : बदली सेंटर डेरिक फेव्हर्सही त्याच ठेवणीचा, त्यामुळे सगळ्यांनी आपापले प्रतिस्पर्धी अदलाबदल करून खेळायची मांडणी हाताशी नव्हती.

नियमित हंगामासाठी 5 पैकी 5, प्लेऑफसाठी 2.