ऑटोमॅटिकचा आउटपुट स्पीड सेन्सर बदलला, आख्खा पावसाळा काढला, आता लिहितो

बसवल्या बसवल्याच लिहिणार होतो, पण म्हटलं रत्नागिरीत राहून एक पावसाळा गेल्याशिवाय कुठल्या वायरिंगच्या कामाला चांगलं म्हणायचं नाही. तर गेला पावसाळा, सेन्सर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा) अजून ठणठणीत.

त्रास असा होता की स्पीडोमीटरचा काटा मध्येच शून्यावर यायचा (माझ्या गाडीत काटा याच सेन्सरवर चालतो), गिअर पडताना धक्का बसायचा आणि इंजिन तापलं की लिंप मोड, म्हणजे गिअरबॉक्स वाचवायला कॉम्प्युटर गाडी एकाच गिअरला अडकवून ठेवतो. आंबा घाटात मागे ट्रकांची रांग आणि गाडी वर चढेना, लय वैताग. एका गॅरेजवाल्याने तर स्कॅनर न लावताच गिअरबॉक्स उतरवायला लागेल म्हणून सांगून टाकलं!

मग ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मागवला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र. कोड आला पी०७२०, आउटपुट स्पीड सेन्सरचं सर्किट. (इनपुटवाल्याचा पी०७१५ असतो.) पण हा कोड आला म्हणून लगेच सेन्सर मागवू नका, वायर उंदराने कुरतडली किंवा कनेक्टर सडला तरी हाच कोड येतो, आणि आपल्याकडे खारा वारा, त्यात बॉनेटखाली उंदीर, दोन्ही भरपूर. स्कॅनरचे पैसे खरे वसूल होतात ते लाइव्ह डेटात, म्हणजे गाडी चालू असताना सेन्सरचे आकडे बघण्यात. भावाला बाजूला बसवून मोबाईल बघायला लावला, तर एबीएसकडून (ब्रेक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) येणारा चाकांचा स्पीड व्यवस्थित आणि आउटपुट शाफ्टचा आकडा मध्येच गायब. म्हणजे गिअरबॉक्स आतून ठीक, सिग्नल मात्र पोचत नाहीये.

कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवं जमलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, थोडे दिवस बरं चाललं, मग परत तेच, पण फक्त गरम झाल्यावर. माझा सेन्सर दोन वायरचा, मॅग्नेटिक, त्यामुळे मल्टीमीटरने ओहम मोजता येतात. थंड असताना रीडिंग मॅन्युअलप्रमाणे, लांब चालवून आणून लगेच मोजलं तर ओपन, म्हणजे सर्किटच तुटलेलं. आतली कॉइल तापली की तुटत होती, विषय संपला. तीन वायरचा हॉलवाला सेन्सर असेल तर ओहम मोजत बसू नका, त्यात सप्लाय, अर्थ आणि चाक फिरवल्यावर सिग्नल येतो का ते बघायचं.

बदलणं सोपं, एक बोल्ट, पण गाडी वर घेतल्याशिवाय हात पोचत नाही आणि सेन्सर ओढला की थोडं ऑइल गळतं, खाली ट्रे ठेवा. टोकाला काळी बारीक पेस्ट चिकटलेली असते, ती चालते, धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्सवाल्याकडेच जा. नवीन ओ रिंगला (रबरी सील) एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच ऑइल, लावून बसवली, कनेक्टरच्या सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओलावा आत जाऊ न देणारं) लावलं. हे ग्रीस कोकणात तरी सोडू नका.

सेन्सर ओरिजिनल घेतला, लोकलच्या जवळपास दुप्पट पडला, तरी पस्तावा नाही, लोकलचा क्लिप हातात घेतल्यावरच ढिला वाटत होता. गिअर आता मऊ पडतात, काटा हलत नाही, ऐन पावसात आरे वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला किती वेळा गेलो, डॅशबोर्डवर बिघाडाची लाइट आली नाही. स्कॅनरबद्दल तक्रार एवढीच की सॉकेटला लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही बॅटरी खात राहतो, आणि स्वस्तातला स्कॅनर सगळ्या गाड्यांचा गिअरबॉक्सचा डेटा दाखवत नाही, त्यामुळे तुमच्या मॉडेलला चालतो का ते विचारूनच घ्या.