अर्धा इंची सिरॅमिक डिस्क स्पिंडल: गळक्या नळासाठी घ्यावा का?

क्वार्टर टर्न नळ (पाव फेरीत उघडणारा) बंद करूनही तोटीतून ठिबकत असेल, तर हा स्पिंडल, म्हणजे सिरॅमिकच्या चकत्यांनी पाणी अडवणारा नळाच्या आतला भाग, जरूर घ्या. अख्खा नळ बदलायची गरज नाही. मुठीखालून पाणी येत असेल तर मात्र आधी ओ-रिंग बघा, ती काही रुपयांत मिळते.

बसवणं सोपं. नळाला पाणी देणारा कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढा, मुठीचा स्क्रू सोडवा आणि पान्याने जुना स्पिंडल डावीकडे फिरवून काढा. आतली रेती, क्षाराचे खडे पुसून घ्या. हे राहिलं की नव्या चकत्यांवर चरे पडतात. आट्यांना टेफलॉन गुंडाळू नका, पाणी खालचं रबरच अडवतं. पान्याने फार आवळलंत तर तेच रबर चेपतं.

खरी अडचण मापाची. मुठीत बसणारे दाते 20 की 24, दांडीची लांबी किती, उघडतो डावा की उजवा, हे कंपनीगणिक बदलतं. पाकिटावर नुसतं ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. जुना स्पिंडल खिशात घालूनच दुकानात जा. पितळी बॉडीचाच मागा, प्लास्टिकचे आटे पटकन जातात.

बोअरच्या रेती-क्षाराच्या पाण्याला मात्र साधा वायसरचा नळच बरा.