पंधरा रुपयांचा सातबारा: आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, सातबारा म्हणजे जमीन कुणाच्या नावावर ते दाखवणारा उतारा, आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा, याहून जास्त इथं सांगत बसणार नाही, ज्याचं गावाला वीतभर रान आहे त्याला ते पाठ असतं. हा अनुभव ऑनलाइन सातबारा, ई-हक्क (नोंदीचा अर्ज टाकायची साइट) आणि आपली चावडी (नावबदलाच्या नोटिसा बघायची साइट) या सगळ्या भावकीचा आहे, नोव्हेंबर २०२४ पासून जुलै २०२५ पर्यंतचा, आणि आज लिहायला बसले कारण काल रात्री आईच्या नावातला काना गेलेला दिसला. त्यावर शेवटी येते. आधी पंधरा रुपये.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला एका प्रतीचे पंधरा रुपये पडतात. आठ-अ काढा, परत पंधरा. फेरफार, म्हणजे नावबदलाच्या नोंदीचा उतारा, परत पंधरा. दराबद्दल माझं काही म्हणणं नाही, एवढ्यात डोंबिवली स्टेशनबाहेर धड कटिंग आणि वडापाव दोन्ही येत नाही. माझं भांडण बहात्तर तासांशी. पैसे भरले की ती फाइल बहात्तर तासच डाउनलोड करता येते, नंतर गेली. आमचे तीन गट नंबर, म्हणजे तीन सातबारे आणि एक आठ-अ, साठ रुपये एका दमात. मी ते ऑफिसच्या पीसीवर उतरवले, म्हटलं दादाला सोमवारी पाठवू, मध्ये दोन सुट्ट्या आल्या, पीसी फॉरमॅट झाला, आणि सोमवारी बघते तर मुदत संपलेली. परत साठ. अहो साठ रुपयांचा प्रश्न नाही म्हणतात ना लोक, माझ्यासाठी साठ रुपयांचाच प्रश्न आहे. माझीच जमीन, माझ्याच बापाचं नाव, मीच भरलेले पैसे आणि तीन दिवसांनी तो कागद आंबला? आमच्या फ्रीजमध्ये दूध यापेक्षा जास्त टिकतं.

तेव्हापासून मी डायरीत मागच्या पानावर हिशेब ठेवलाय. आजपर्यंत २६ प्रती, ३९० रुपये.

आता मूळ प्रकरण. अण्णा, माझे वडील, गेले २०२४ च्या श्रावणात. जमीन सगळी त्यांच्या नावावर. वारस चौघं, आई, दादा, मी आणि ताई. दादा गावाला असतो पण त्याचा आणि कॉम्प्युटरचा छत्तीसचा आकडा, म्हणून वारस नोंदीचा अर्ज मी इथून ई-हक्क मधून टाकला. आणि खरं सांगते, पहिल्या रात्री मी खूष होते. मृत्यूचा दाखला स्कॅन केला, वारसांचं प्रतिज्ञापत्र स्कॅन केलं, गट नंबर निवडले, सबमिट, अर्जाचा नंबर आला. साडेअकरा वाजले होते, मी गाऊनमध्ये, आणि सज्जाचं, म्हणजे तलाठ्याचं, ऑफिस माझ्या स्वयंपाकघरात. अण्णांनी याच कामासाठी आजोबांच्या वेळी किती खेटे घातले होते ते मी लहानपणी बघितलंय, प्रत्येक वेळी भाऊसाहेब मीटिंगला गेलेले असायचे. (आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात अजून भाऊसाहेबच.) तेव्हा मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, पाच पैकी पाच. तो मेसेज आता डिलीट करता येत नाही, वहिनी अधूनमधून काढून दाखवते.

तीन आठवड्यांनी अर्ज परत. शेरा काय, कागदपत्रे अपूर्ण. कुठलं कागदपत्र, कुणाचं, काही नाही. एवढी सिस्टीम बांधली, घरबसल्या अर्ज, डिजिटल सही, आणि शेऱ्याच्या चौकटीत माणसानं टाइप केले दोन शब्द. दादा सज्जावर जाऊन आला तर तिथं तोंडी उत्तर मिळालं की बहिणींचं हक्कसोडपत्र लावा म्हणजे लगेच करू. इथं माझं डोकं सटकलं. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळं हो, आधी सगळे वारस लागतात, मग ज्याला सोडायचं तो रजिस्टर दस्त करून सोडतो. मुलींचा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशात २००५ ला आला, आणि सज्जावर मात्र अजून यायचाय. आम्ही बहिणी पुढं सोडू नाहीतर ठेवू, तो आमचा आणि दादाचा प्रश्न, त्याची अट नोंदीला लावायची कुणी सांगितली? दादाचं काय, तो दोन्हीकडून गप्प. फोनवर नुसता हं हं.

मग मी स्वतः फोन केला तर हक्कसोडाचं नाव निघालंच नाही, तेव्हा वेगळंच कारण निघालं, प्रतिज्ञापत्रात आम्हा दोघींची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं हवीत. ठीक आहे, हे पटतं, पण हे एक वाक्य शेऱ्यात लिहिलं असतं तर? नवीन प्रतिज्ञापत्र, परत नोटरी, परत स्कॅन, जानेवारीत परत अर्ज. आणि मग शांतता.

याच शांततेत मी सातबारे काढत सुटले. दर पंधरा दिवसांनी, कधी दर आठवड्याला, आईचं नाव लागलं का बघायला पंधरा भरायचे, अण्णांचंच नाव बघायचं, बंद करायचं. बरं, नावापुढं काही नाही, म्हणजे सरकारदरबारी अण्णा अजून हयात. एकदा रात्री ते बघून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. असो.

आता इथं मला माझे शब्द परत घ्यायचेत. फेब्रुवारीत माझ्या ऑफिसातल्या एका शिपाईदादांनी (त्यांचं गाव मराठवाड्यात, सहा एकर, माझ्यापेक्षा दहापट माहिती) सांगितलं की मॅडम नुसतं बघायचं असेल तर पैसे कशाला भरता? विना स्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो, जिल्हा तालुका गाव निवडा, मोबाइल नंबर टाका, कॅप्चा भरा, झालं. त्यावर लिहिलेलंच असतं की हा फक्त माहितीसाठी, सरकारी कामाला चालणार नाही. आणि फेरफार कुठवर आला ते आपली चावडीत, तेही फुकट. म्हणजे सहीवाली प्रत घेऊन बँकेत, नाहीतर दुसऱ्या कुठल्या कामाला जायचंय तेव्हाच पंधरा भरायचे, आणि त्यासाठी बहात्तर तास पुष्कळ झाले. शिवाय सातबारा उद्या बदलू शकतो, कर्जाचा बोजा चढू शकतो, महिनाभर जुनी प्रत कुणी स्वीकारावी तरी का. तर बहात्तर तासांवरचा माझा राग मी निम्मा मागं घेते. निम्माच. डायरीतल्या २६ प्रतींपैकी खऱ्या गरजेच्या सात होत्या, बाकी १९, म्हणजे २८५ रुपये माझ्या अज्ञानाची फी. पण ही फुकटची सोय पैसे भरायच्या बटणाच्या शेजारी ठळक अक्षरात लिहिली तर काय बिघडेल?

आपली चावडी मात्र मला मनापासून आवडली, आणि हे मी चिडलेली असताना सांगतेय. गावच्या चावडीवर नोटिशीचा कागद डकवायचे, तो पावसात भिजायचा नाहीतर शेळी खायची, आणि मुंबईतल्या वारसाला कळायचं ते सगळं होऊन गेल्यावर. आता फेरफार नोंदला की नंबर, तारीख, नोटीस, हरकतीचे १५ दिवस, सगळं कुठूनही दिसतं. माझ्या एका मामेबहिणीला दुबईत बसून कळलं की तिच्या चुलत्यानं परस्पर नोंद घातलीय, तिनं मुदतीत हरकत घेतली. हे पूर्वी शक्यच नव्हतं. पण माझ्या बाबतीत अडचण अशी की नोंदच झाली नव्हती तर चावडीत दिसणार काय. अर्ज भाऊसाहेबांच्या लॉगिनला पडलाय एवढं दिसत होतं. कुणाकडं पडलाय ते कळतं, का पडलाय ते कळत नाही, आणि किती दिवस पडला तर त्या माणसाला काय होतं, तर काही नाही.

एका तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. तालुक्याच्या ऑफिसातून उत्तर आलं, संबंधितांस कळविण्यात आले आहे, आणि तक्रार निकाली. मला वाटलं होतं काम झाल्यावर निकाली काढतात. म्हटलं लोकसेवा हक्क कायदा आहे की २०१५ चा, मुदतीत सेवा नाही दिली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड. वाचायला बसले तर तो अधिसूचित केलेल्या सेवांनाच लागू, प्रत्येक ऑफिसनं आपली यादी आणि मुदत फलकावर लावायची असते. दादाला म्हटलं फलकाचा फोटो काढून पाठव. त्यानं पाठवला. फलकाच्या पुढं कपाट होतं.

शेवटी जुनाच रस्ता धरला, माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि महाराष्ट्रात एकच विषय आणि १५० शब्दांत बसवायचं हे विसरू नका, नाहीतर त्यावरूनच परत येईल. मी एवढंच विचारलं, माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर दररोज काय कार्यवाही झाली, तो कुठल्या पदाच्या माणसाकडं किती दिवस होता, आणि प्रलंबित ठेवण्याचं कारण कुठल्या नियमात बसतं. चिडचिड नाही, टोमणा नाही, जीव मुठीत धरून सभ्य भाषेत लिहिलं. स्पीड पोस्टला दहाच्या तिकिटापेक्षा जास्त गेले ते डायरीत वेगळ्या रकान्यात आहेत. मार्चचा पहिला आठवडा. उत्तराला ३० दिवस, नाही दिलं तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० दंड, जास्तीत जास्त २५,०००. यात आकडा माणसाच्या खिशाला लागतो ना, म्हणून कागद हलतो असं माझं मत.

उत्तर एप्रिलमध्ये आलं, अर्धवट. पण त्याच्या आधीच चार दिवस चावडीत आमच्या फेरफाराचा नंबर दिसला! मी लोकलमध्ये होते, कळव्याच्या पुढं, आणि शेजारच्या बाईला स्क्रीन दाखवली, तिला काही कळलं नाही तरी ती हसली.

आता यावर घरात वाद आहे. दादाचं म्हणणं, तुझ्या दहा रुपयांनी काही झालं नाही, एप्रिलपासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम लागली, गावात चावडीवर नोंदींचं वाचन झालं, मयत खातेदारांच्या याद्या केल्या, त्यात आपलाही नंबर लागला. असेल. मोहीम चांगलीच होती, आमच्या भावकीत पणजोबांच्या नावावर अडकलेली एक जमीन त्यात सुटली, तिला ना अर्ज होता ना माहिती अधिकार. पण मग माझा प्रश्न उरतोच ना, जे काम मोहीम लागल्यावर दोन आठवड्यांत होतं ते मोहीम नसताना पाच महिने कशानं होत नाही? माणसं तीच, लॉगिन तेच. दादा म्हणतो तू वकील व्हायला हवी होतीस. आणि त्याला घाई त्याची होती, शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय कृषीच्या योजना बंद म्हणाले, आणि जमिनीवर नावच नाही तर तो क्रमांक कसा निघणार. सगळी नवी सोय शेवटी त्याच एका जुन्या नोंदीच्या दारात येऊन थांबते. ई-पीक पाहणीचंही तेच, पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची, फोटो दादा बांधावर उभा राहून काढतो, रेंज नसली की आंब्यावर चढतो, पाहणी करायचं काम आमच्याकडं आलं, पगार काही आला नाही.

नोटिशीचे १५ दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली, मे महिन्यात चौघांची नावं लागली. त्या दिवशी मी तिन्ही सातबारे सहीवाले काढले, ४५ रुपये, एक पैसा जड गेला नाही.

बँकेचा किस्सा थोडक्यात. तिथल्या साहेबांना तलाठ्याचा शिक्का हवा होता. मी सातबाऱ्याच्या तळाची ओळ बोटानं दाखवली, डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळं सही शिक्क्याची गरज नाही असं छापलेलंय, क्यूआर कोड त्यांच्यासमोर स्कॅन केला. ते म्हणाले, बरोबर आहे, पण शिक्का असता तर बरं झालं असतं. आईला मी सोबत नेलं होतं, पंच्याहत्तरीच्या पुढची म्हणून एसटी तिला फुकट, मला अर्ध तिकीट. ती म्हणाली, साहेब, शिक्का नसला तरी माणसं खरी आहेत. साहेबांनी घेतली फाइल.

आणि आता काना. काल शेतकरी क्रमांकाच्या कामासाठी दादानं प्रत मागितली, मी काढली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट वाचली. तीन गटांपैकी दोनमध्ये आईचं नाव बरोबर, तिसऱ्यात काना नाही. काना गेल्यावर त्या नावाचा अर्थ काय होतो ते लिहीत नाही, नातवंडं आईला वाचून दाखवतील. अर्जात मी बरोबर टाइप केलं होतं, स्क्रीनशॉट आहे. आता जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती, म्हणजे तहसीलदारांचा आदेश, म्हणजे परत अर्ज, परत आधार, परत तोच सज्जा. दादा म्हणतो राहू दे, एका कान्यानं काय होतंय. आई म्हणते, माझं नाव नीट लिहा.

रेटिंग द्यायचं तर चावडीला साडेचार, सातबाऱ्याच्या साइटला चार (निम्म्या रागाचा एक कापला), शेऱ्याच्या चौकटीला शून्य. १५५ चा अर्ज आज सकाळी टाकलाय, पोहोच घेतलीय, तारीख डायरीत. रोज बघणार आहे, पण फुकटवाल्यावर.