सूचना फक्त सरकारकडे की सगळ्यांसमोर?

सिंहस्थ तोंडावर आलाय आणि गर्दीवर एआय कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवायच्या गोष्टी नाशकात सुरू आहेत. अशा यंत्रणांचे नियम ठरवायच्या दोन पद्धती शेजारी ठेवून बघू.

आपल्याकडे २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे हवा. धोरण चांगलंच आहे, पण तो कायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये डेटा संरक्षणाच्या, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याच्या, नियमांचा मसुदा आला, लोकांनी सूचना पाठवायची मुदत वाढवलीही. मात्र आलेल्या सूचना उघड करणार नाही, हे सरकारने आधीच सांगून टाकलं. म्हणजे पंचवटीतल्या दुकानदाराने काय लिहिलं आणि बड्या कंपनीने काय मागितलं, हे कुणालाच ताडून बघता येत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे.

युरोपियन युनियनचा एआय कायद्याचा प्रस्ताव एप्रिल २०२१ चा. त्यावरच्या सूचना संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, संस्थांच्या नावांसकट. पण डिसेंबर २०२३ मधली अंतिम बोलणी बंद दाराआडच झाली. तेव्हा तिथेही सगळं उघड्यावर नव्हतं.

तरी मी युरोपचीच पद्धत घेईन. सामान्य माणसाला नाव झाकायची मुभा जरूर द्या, कंपनीला नको. मसुद्यासोबत सोप्या भाषेतलं टिपण द्यायचं, हे त्याच २०१४ च्या धोरणात आहे. ते मराठीत आलं, तर सातपूरचा कामगारही हजेरीच्या कॅमेऱ्याबद्दल चार ओळी लिहून पाठवेल.